मी काढलेला बाण

आमच्या साहेबांना लाल रंग सोसत नसे. नळयोजनेचं सगळं काम कॉम्प्युटरवर पट्ट्यांमध्ये मांडलेलं होतं आणि ते सांभाळायचं काम माझं. अमरावतीच्या बाजूची टोळी पाइप जोडणार, मग अकोल्याकडचा पंपावरचा माणूस पाणी सोडणार. आधी हे, नंतर ते, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बाण. पहिलं काम रखडलं की बाणाच्या टोकाचं दुसरंही लाल व्हायचं. मग सोमवारच्या बैठकीत साहेब माझ्यावर तोंडसुख घ्यायचे, जणू पाइप मीच जोडते.

यावर मी अक्कल चालवली होती. बैठकीआधी नडणारे बाण काढायचे, बैठक संपली की परत जोडायचे. काढलेल्या बाणांची यादी डायरीच्या मागच्या पानावर असे. कित्येक महिने कुणाला पत्ता लागला नाही आणि खरं सांगते, मला त्याचा गर्वही होता.

त्या सोमवारी बैठक अकोल्याला होती. सकाळीच तीन बाण काढले आणि एसटीत बसले. बडनेरा मागे पडलं तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला : ‘पाणी सोडणे. काम सुरू करावे.’ तो पंपावरच्या माणसाला गेला होता, मला नुसती प्रत. त्या कामाची मूळ तारीख आजचीच होती, हे मी पाहिलंच नव्हतं. अडवणारा बाण गेला आणि सॉफ्टवेअरने आपणहून परवानगी देऊन टाकली.

पाइप एवढा मोठा की सांधे आतून लिंपायला माणूस रांगत जातो. त्या दिवशी दोघं आत जाणार, असं फोरमनने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी लगेच पंपावर फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पंप सुरू असला की त्या खोलीत फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. फोरमनचा फोन लागतच नव्हता. शेजारच्या बाई म्हणाल्या, “काऊन वो, तब्येत बरी नाई काय?”  मूर्तिजापूरपर्यंत मी एकसारखा पंपावरचाच नंबर लावत होते.

मग पंपावरच्या माणसाचाच फोन आला. “काय झालं मॅडम? मोबाइल चार्जिंगले होता, मी भाईर पानी सोडाच्या वॉलपाशी.”

“भाऊ, पाणी सोडलं का?”

“नाई. मेसेज आला, पन मानसं आत हायेत ना. दोघायचा भाईर उभे असल्याचा फोटो आल्याबिगर मी वॉलले हात लावत नाई.”

मी एसटीतच रडले.

बैठकीत त्याची पट्टी लाल होती. साहेबांनी फोन स्पीकरवर घेऊन त्याला झापलं. तो म्हणाला, “मानसं आत होते, साहेब.” साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “इथे तसं कुठे दिसतंय?”

“बाण नाही, साहेब,” मी म्हणाले. तो कुणी काढला, ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझी नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

कोणता बदल कुणी केला, ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं असतं. साहेबांनी एखाद्या दिवशी ते पान उघडलं तर, या धास्तीने अजूनही त्यांनी नुसती हाक मारली तरी माझ्या छातीत धस्स होतं.

बैठकीनंतर दोन दिवसांनी पंपावरून त्याचा फोन आला. “मॅडम, मले असं लिवनं जमत नाई. खुलासा तुमीच लिवून देता काय?”

मी लिहून दिला; बाण कुणी काढला, ते त्यातही लिहिलं नाही. त्याने तो न वाचताच सही केली आणि माझे आभार मानले.