फाट्यावर उतरलेला अमेरिकन वाजा

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत मला खिडकी मिळाली आणि शेजारी बिल नावाचा लांबलचक अमेरिकन. मागच्या बाकावर त्याचे दोन मित्र. त्यांच्या डोंगरी खेड्यांतली पणजोबांच्या वेळची लोकगीतं गात तिघे भटकत होते. पारोळ्यानंतर बस रिकामी झाली तशी त्यांनी वाद्यं काढली. एका गाण्यावर मी खूश होऊन अर्थ विचारला. माणूस प्रेयसीला नदीत ढकलतो, असा होता. चालीवर मात्र पाय थिरकत होते.

धुळ्याच्या अलीकडे फाट्यावर मला उतरायचं होतं. माझ्या पुण्याच्या कचेरीतल्या सुरेशचं लग्न होतं, नवरीच्या गावी. फाट्यावर त्याचे मामा (सगळे त्यांना नाना म्हणत) मे महिन्याच्या उन्हात ताटकळत होते. ठरवलेला वाजा (वाजंत्री) आलाच नव्हता. बिलचा बँजो दिसताच ते थेट बसमध्ये चढले.

"वाजा उना! उतरा, बठ्ठा उतरा!" वाजा आला म्हणत ते तिघांनाही खाली उतरवू लागले.

"अहो नाना, हे अमेरिकेतले..."

"कोठलाबी राहोत! वाजाशिवाय नवरदेव हालाव नही." मग आपल्या वरातीतल्या बटणांच्या बँजोसारखा हा दिसेना, तसे निरखून म्हणाले, "याले बटनं कोठे शेतस?"

बिलला वाटलं, जेवायला बोलावताहेत. तिघे आनंदाने उतरले. (जेवण मिळालंही. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बिलने हिरवी मिरची शेंग समजून चावली आणि बराच वेळ इंग्रजीही विसरला.)

सुरेश घोड्यावर बसला, मारुतीच्या पारापासून वरात निघाली आणि नेमकं तेच गाणं सुरू झालं. नानांनी अर्थ विचारला. "नदीकाठच्या प्रेमाचं आहे," मी म्हटलं. वऱ्हाडी बेभान नाचू लागले आणि वरात जागच्या जागी थांबली.

मी बिलच्या कानात ओरडलो, "आता थांबा, मुहूर्त टळतोय!"

"लोक नाचत असताना वादकाने थांबायचं? आमच्याकडे तो अपमान समजतात."

मी नानांकडे धावलो.

"आम्ही पहिले थांबनूत ते नाक कटी जाई!" नाना कमरेवर हात ठेवून गिरकी घेत म्हणाले.

म्हणजे झालंच. सुरेश घोड्यावर केविलवाणा होऊन माझ्याकडे बघत होता. या मुहूर्तानंतर दोन महिने तिथी नव्हती. लग्न मोडलं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मांडवाकडून बायकांचा घोळका आला. पुढे नवरीची आई, अक्का. मागे शालू सावरत नवरी, आणि तिच्यामागे गुरुजी धापा टाकत.

"त्या येतस नही ते आपूनच जाऊत!" अक्का गरजल्या. "धरा अंतरपाट!"

भर रस्त्यात अंतरपाट धरला गेला. बँजोच्या तालावर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नाना नाचतच होते.

परतीच्या बसमध्ये मला हसू आवरेना. आजवर मी लग्नं खूप पाहिली, पण ठरल्या मुहूर्तावर लागलेलं हे एकच. वरात मांडवापर्यंत पोचलीच नाही म्हणून.