उंबऱ्याची उंची

“यांना कितपत चढ सोसेल?” क्लबाच्या अध्यक्षांनी माझ्या बायकोला विचारलं.

मी त्या दोघांच्या मध्ये बसलो होतो. माझा पेशा स्ट्रक्चरल डिझायनरचा. इमारतीच्या खांबात किती लोखंड घालायचं, पुलावर चढणारा रस्ता किती तिरका ठेवायचा, असली गणितं करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. पण माणूस व्हीलचेअरवर बसला की त्याच्याबद्दलचे प्रश्न त्याच्या डोक्यावरून जातात. सुमननं माझ्याकडे पाहिलं.

“बारा फुटांना एक फूट,” मी म्हणालो.

अध्यक्ष दचकले. खुर्चीच बोलल्यासारखं त्यांनी खाली पाहिलं.

हे १९८१ साल. त्याच्या आधल्या वर्षी एका साइटवर सेंट्रिंग सुटलं होतं. सेंट्रिंग म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून दिलेला आधार. स्लॅब खाली आला, त्याच्याबरोबर मीही आलो. स्लॅब पुन्हा घालता आला. माझ्या मणक्याच्या बाबतीत तशी सोय नव्हती.

आमचं ऑफिस नाशकात, मेन रोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभा. काही महिने दोन शिपाई मला खुर्चीसकट वर नेत. माणसांनी उचलून नेण्यात राजेमहाराजांना काय सुख वाटायचं, हे मला कधी कळलं नाही. तोंड छताकडे, हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट, आणि खाली उभा असलेला क्लायंट “सांभाळून, सांभाळून” म्हणतोय. ज्या माणसाला उचलून आणावं लागतं, त्यानं काढलेल्या बीमवर क्लायंटचा विश्वास बसत नाही. यात तर्क नाही, पण क्लायंटकडून तर्काची अपेक्षा आम्ही ठेवतच नाही.

शेवटी साहेबांनी मला समोर बसवलं. बसवलं म्हणजे मी बसलेलोच होतो.

“अहिरराव, असं नाही चालायचं. नाशिक रोडला घरीच टेबल मांडा. सातपूरच्या एका कारखान्याची पाण्याची टाकी आलीय, ते डिझाइन तुमच्याकडे देतो. पण कॉन्ट्रॅक्टर तुमच्याकडे येणार, त्यांच्या गाडीपर्यंत तुम्हाला जावं लागणार. ते सगळं तुमचं तुम्हाला जमलं पाहिजे.”

“जमेल.”

“दिवाळीनंतर येऊन बघतो. नाही जमलं तर पुण्याचा एक जण विचारतोय.”

त्यांनी हे कठोरपणे सांगितलं नाही. टाकीत पाणी किती मावेल हे सांगावं, तसं सांगितलं.

आमच्या घराला बाजूची एक खोली होती. तिला गल्लीकडे स्वतंत्र दार. तिथे पाहुण्यांच्या गाद्या, गौरी-गणपतीची मखरं, लोणच्याच्या बरण्या आणि एक मोडका टेबलफॅन सुखानं नांदत होते. मी त्या खोलीचं ड्रॉइंग काढलं. माझं ड्रॉइंग घरच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदाच लक्षपूर्वक वाचलं, कारण त्यात त्यांचं सामान दिसत नव्हतं.

ड्रॉइंगमध्ये विशेष काही नव्हतं. खुर्ची जागच्या जागी फिरेल एवढी मोकळी जागा, गुडघे खाली जातील असं टेबल, रुंद दार आणि दारापर्यंत रॅम्प. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी तुंबायचं, म्हणून घराचं जोतं जमिनीपासून दोन फूट उंच होतं. म्हणजे रॅम्प चोवीस फूट लांब, मध्ये एक वळण.

अडलं ते सिमेंटवर. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. अर्ज करायचा आणि मूल जन्मेपर्यंत वाट पाहायची. मूल आधी यायचं. सिमेंट होतं ते भाऊसाहेबांकडे. ते सिमेंटचे डीलर आणि गावातल्या एका सेवाभावी क्लबाचे अध्यक्ष. त्यातून ते साल आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाचं. नाशकात त्या वर्षी क्लब फार झाले आणि अपंग कमी पडू लागले. स्टेशनबाहेरच्या एका बूटपॉलिशवाल्याला तीन संस्थांनी तीन तीनचाकी सायकली दिल्या. त्यानं दोन भाड्यानं लावल्या. अशा टंचाईत माझ्यासारखा शिकलेला, दाढी केलेला, पक्क्या घरातला अपंग भाऊसाहेबांना सापडला. मला सिमेंट हवं होतं, त्यांना मी हवा होतो. व्यवहार झाला.

“चोवीस फूट?” भाऊसाहेब आता माझ्याशी बोलू लागले होते. “अहो, विमान उतरवायचंय का?”

“जोतं दोन फूट आहे.”

“आमच्या गोडाऊनला आठ फुटांची फळी लावतो आम्ही. शंभर पोती जातात तिच्यावरून.”

“पोत्याला मागून माणूस ढकलतो. मला एकट्याला जायचंय.”

“एकट्यानं का? आम्ही आहोत ना!”

या पाच शब्दांत त्यांच्या क्लबाची घटना, नियम आणि उपनियम सगळे आले. गणितानं हा माणूस हलणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, “भाऊसाहेब, आठ फुटांच्या रॅम्पवर फोटोत तीन माणसं मावतील. चोवीस फुटांवर सगळी कार्यकारिणी उभी राहील.”

त्यांनी गल्लीत जाऊन, डोळे बारीक करून अंदाज घेतला. “वळणावर महिला मंडळ,” ते स्वतःशीच म्हणाले. रॅम्प मंजूर झाला.

गवंडी चांगला होता. त्याला रॅम्प घोटून आरशासारखा करायचा होता. मी त्याला ओल्या सिमेंटवर खराटा ओढायला लावला, म्हणजे खरखरीत राहून चाक घसरत नाही. त्यानं ते केलं, पण ‘हे माझं काम नव्हे’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला.

मग दाराची चौकट आली. निवृत्ती सुतार सिन्नरकडचा. त्यानं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

“सायेब, खालचं लाकूड कुठं हाय?”

“नाहीये.”

“आन् उंबरा?”

“नाही. चाक अडतं.”

“बिनउंबऱ्याचं दार गोठ्याला ऱ्हातंय.” त्यानं ड्रॉइंग पुन्हा उलटं केलं. “गोठ्याला बी काय काय लोक ठेवत्यात.”

स्वयंपाकघरातून आई आली. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिल्याशिवाय तिनं आयुष्यात सकाळचा चहा घेतला नव्हता.

“वसंता, मग मी रांगोळी कुठं घालू?”

“रॅम्पवर घाल. चोवीस फूट जागा आहे.”

“सगळं फुटांत मोजत नको जाऊस.”

“आई, खोली ऑफिसची आहे.”

“पण घर माझं आहे ना?”

मी निवृत्तीला ड्रॉइंगप्रमाणे करायला सांगितलं. आई गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे पटलं, असं मी या वयातही समजत होतो.

दिवाळीनंतर उद्घाटन ठरलं. भाऊसाहेबांनी गल्लीत मांडव घातला, कर्णा लावला, गुरुजी बोलावले आणि माझ्या साहेबांनाच प्रमुख पाहुणे केलं. म्हणजे मला जी परीक्षा शांतपणे द्यायची होती, ती लाउडस्पीकरवर आली. दारावर त्यांनी सॅटिनचा गुलाबी पडदा सोडला होता आणि उद्घाटनापर्यंत तो कोणी हलवायचा नाही, असा दंडक होता. मी सकाळपासून पुढच्या खोलीत हार घालून तयार होतो.

पुढच्या पायऱ्यांवरून मला उतरवून रॅम्पच्या पायथ्याशी आणलं, तिथे मी चाकांना हात लावले.

“छे छे,” भाऊसाहेबांनी मागचे दांडे धरले. “आज आम्ही.”

“मला येतं.”

“रोज आहेच की तुमचं. आजचा दिवस आमचा.”

सनई लागली. कार्यकारिणी दुतर्फा उभी होती. वळणावर महिला मंडळ. भाऊसाहेब मला लग्नाच्या वरातीच्या वेगानं वर नेत होते. फोटोग्राफर उलटा चालत होता. वर पोचल्यावर गुरुजींनी पडदा ओढला आणि भाऊसाहेबांनी जोर लावला.

खुर्ची थाडकन थांबली. मी पुढे वाकलो, हार नाकावर आला.

दारात उंबरा होता. नवा कोरा, सागवानी, हळदकुंकवानं माखलेला, आंब्याच्या पानांसकट. चार बोटं उंच. चार बोटं म्हणजे काहीच नाही. पायानं ओलांडणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. चाकाला ती भिंत असते. मी निवृत्तीकडे पाहिलं. तो मांडवाची कनात निरखत होता. आईकडे पाहिलं. तिनं माझ्या नजरेला नजर दिली.

“उचला!” भाऊसाहेब ओरडले. माइक त्यांच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्या कॉलनीला कळलं.

सफारी सूटमधल्या चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. फ्लॅश उडाला. टाळ्या झाल्या. मला उचलावं लागू नये म्हणून महिनाभर खपून जे चोवीस फूट काँक्रीट ओतलं, त्याच्या नेमक्या शेवटाला मला पुन्हा उचलून आत ठेवण्यात आलं. एक बाई डोळे पुसत होत्या.

बाहेर भाषणं सुरू झाली. साहेब एकटेच आत आले.

“अहिरराव, हे रोज असंच?”

“नाही साहेब.”

“मग ते लाकूड?”

“घरगुती प्रश्न आहे.”

“तो मला सोडवता येणार नाही. पुण्याच्या माणसाला मला उद्या कळवायचंय.”

त्यांच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती. मी ती मागितली, टेबलावर पसरली, खुर्ची फिरवून खाली शिरलो. गुडघे कुठे अडले नाहीत. टी-स्क्वेअरची पट्टी हाताशी, दिवा डावीकडे. टाकीचे खांब कारखान्यानं सुचवले होते तिथे चालणार नव्हते. मी पेन्सिलीनं ते सरकवून दाखवले. साहेब वाकून पाहत राहिले. बाहेर माझ्या जिद्दीचं वर्णन चाललं होतं.

“खोली उत्तम आहे,” ते शेवटी म्हणाले. “दार नापास.”

एवढ्यात कर्णा गरजला, “आता सत्कारमूर्तींना व्यासपीठावर आणण्यात येत आहे.” आणि सफारी सूट दारात हजर झाले.

“उंबरा काढा,” मी म्हणालो. “मी माझा येतो.”

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना उचलायला सांगितलं होतं, ऐकायला नाही. भाऊसाहेब घाईघाईनं वर आले.

“वसंतराव, हट्ट नको. दोन मिनिटांचा प्रश्न आहे.”

“तुमचा दोन मिनिटांचा. माझा रोजचा.”

“अहो, बाहेर माणसं बसलीत!”

“बसू द्या. नुसतं बसून राहिल्यानं काही होत नाही, मी अनुभवानं सांगतो.”

सत्कार बाहेर आणि सत्कारमूर्ती आत, असा प्रसंग भाऊसाहेबांवर पहिल्यांदाच आला असावा. शाल त्यांच्या हातात लोंबत होती. ते आईकडे वळले. “काकू, तुम्ही तरी सांगा!”

आई दाराच्या पलीकडे, रॅम्पवर उभी होती. ती भाऊसाहेबांशी बोललीच नाही.

“वसंता, तुला घरी आणला ना दवाखान्यातून, त्या दिवशी ठरवलं होतं मी. जे झालं ते बाहेर झालं. बाहेरचं बाहेर अडावं म्हणून उंबरा असतो.”

आतापर्यंत मी तिच्याशी चाकांबद्दल बोललो होतो. ती माझ्याशी चाकांबद्दल बोलत नव्हती.

“आई,” मी म्हणालो, “तो मलाच अडवतोय गं. मी आत असलो तर आत, बाहेर असलो तर बाहेर.”

ती उंबऱ्याकडे पाहत राहिली. मसालेभाताचा वास मांडवातून वर येत होता. उंबऱ्याची पूजा होईपर्यंत गुरुजींचा उपास होता, आणि पूजा होऊन बराच वेळ झाला होता. त्यांनी घसा खाकरला.

“उंबरा हवा, हे खरं. पण तो किती उंच हवा, हे काही माझ्या वाचनात नाही. फरशीच्या पातळीला बसवला तरी तो उंबराच. एकदा पूजा झाली की ती मोडत नाही.” मग त्यांनी मांडवाकडे पाहिलं. “पानं मांडायला हरकत नसावी.”

“चाकानं रांगोळी पुसेल,” आई म्हणाली.

“पुसेल. रोज पुसेल.”

“मग रोज घालीन.” तिनं खाली वाकून आंब्याची पानं उचलली, पदरात घेतली. “निवृत्ती, काढ रे ते.”

निवृत्ती पहार घेऊनच उभा होता. “पाचरीवरच बसवलाय. मला वाटलंच व्हतं.”

दोन ठोक्यांत उंबरा निघाला. मी दारातून बाहेर आलो, वळण घेतलं, महिला मंडळाला नमस्कार केला आणि चोवीस फूट माझा मी उतरलो. टाळ्या झाल्या नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांना इथे काय वाजवायचं, ते कळलं नाही. फोटोग्राफरचा कॅमेरा पोटावर लोंबत होता.

“घे की फोटो,” मी म्हणालो.

“काका, तुम्ही एकटेच. बाजूला कोणीतरी पायजे ना?”

पेपरात आला तो उचलल्याचाच फोटो. त्यात सफारी सूट स्पष्ट आले आहेत, मी हारामागे आहे. क्लबाला त्या फोटोवर बक्षीस मिळाल्याचं पुढे ऐकलं. साहेबांनी जाताना टाकीचा नकाशा माझ्या टेबलावरच राहू दिला. काम देण्याची त्यांची तीच पद्धत होती. आठवड्याभरात निवृत्तीनं फरशीत खाच पाडली आणि उंबरा फरशीच्या पातळीला बसवला. त्या खोलीतून मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. टाकी अजून उभी आहे. थोडी गळते, पण तो प्लंबिंगचा विषय.

पुढे अनेकांनी मला रॅम्प कसा करावा म्हणून विचारलं. मी त्यांना सांगतो की उताराचं गणित कुठल्याही पुस्तकात मिळेल. काम सुरू करण्याआधी शेवटची चार बोटं घरात कोणाच्या ताब्यात आहेत, ते तेवढं विचारून घ्या. आणि ड्रॉइंगवर पहिली सही त्यांची घ्या.