आधी नाही म्हणायला शिक

मी रत्नागिरीच्या बाजारात मासे विकते. शाळा चौथीपर्यंत. तरी बऱ्याच कॉलेजच्या पोरांना पहिलं काम मी लावून दिलं आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही. त्यात जादू काही नाही. दुकानदार, गॅरेजवाले, लॉजवाले माझ्याकडून मासे घेतात. मासे कापून होईपर्यंत माणूस उभा राहतो आणि बोलतो. कोणाचा माणूस सोडून गेला, कोणाला नवा हवा, हे मला आधी कळतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आतल्या गावातली एक पोर काम विचारत आली. मान खाली, हातात ओढणीचं टोक.

"याआधी कुठे केलंस काम, गो?"

"कपड्याच्या दुकानात. दोन दिवस."

"दोनच?"

मालकाने विचारलं होतं, रात्री आठपर्यंत थांबशील ना? ही म्हणाली, हो. हिच्या गावची शेवटची एसटी साडेसहाची. दोन्ही दिवस ही कोणाला न सांगता सहालाच सटकली. तिसऱ्या दिवशी मालकाने पायरी चढू दिली नाही.

"मग आधीच सांगायचं होतंस."

"मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, मावशी?"

मे महिन्यात तिचा काका मुंबईहून येणार होता आणि जाताना हिला नेणार होता, त्याची पोरं सांभाळायला. कॉलेज बंद. शिकायचा खर्च तिने स्वतः उचलला तरच घरचे तिला ठेवणार होते. हे सांगताना ती रडली नाही, ते मला आवडलं.

मी म्हटलं, सकाळचं कॉलेज झालं की माझ्या पाटीवर येऊन बस.

पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली, दोन बांगडे वर टाक. हिने टाकले. तिच्या मागची म्हणाली, मलाही टाक. तिलाही टाकले.

मी म्हटलं, "आता पाटीच उचलून दे त्यांना. रिकाम्या हाताने घरी जायला बरं."

गिऱ्हाइकं हसली. ही लाल झाली. मी तिला जवळ घेऊन वगैरे समजावलं नाही. एवढंच सांगितलं, "नाही म्हणायचं, कारण सांगायचं आणि गप्प बसायचं. माफी मागायची नाही."

जमायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी नेहमीचे एक मास्तर सुरमईच्या तुकड्यांबरोबर डोकं फुकट मागायला लागले. मी मुद्दाम तोंड फिरवून कोयता धूत बसले.

"नाही, काका. डोक्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. त्यांनी निमूट पैसे दिले.

दुसऱ्याच दिवशी मी तिला मेडिकलवाल्याकडे धाडलं. त्याला मदतीला माणूस हवा होता. मी बरोबर गेले नाही. आपण बरोबर गेलो की मालक आपल्याशीच बोलतो.

पुढचं मला मेडिकलवाल्यानेच सांगितलं, कोळंबी सोलून होईपर्यंत.

"मावशी, काय पोरगी पाठवलीत! मी म्हटलं, रात्री नऊपर्यंत थांबावं लागेल. तर म्हणते, नाही, सहाच्या पुढे जमणार नाही, शेवटची एसटी चुकते. आणि गप्प. मी वाट बघतोय, ही पुढे काही बोलेल."

"मग?"

"मग मलाच विचारते, रविवारी दुकानात कोण असतं? म्हटलं, कोण असणार, मी एकटाच मरतो. तर म्हणे, रविवारी सकाळपासून येते."

"ठेवलीस?"

"ठेवणार नाही तर काय! खरी वेळ सांगणारं माणूस मिळतंय कुठे?"

काका मे महिन्यात आला, आंबे खाल्ले आणि एकटाच परत गेला.

यंदा पावसात माझा गुडघा धरला. मागे डॉक्टरने दिलेल्या गोळ्या लागू पडल्या होत्या, त्याच घ्यायला मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर हीच. मान वर.

"चिठ्ठी, मावशी?"

"कसली चिठ्ठी? मी उभी आहे ना समोर!"

"नाही. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार नाही." आणि गप्प.

मागे मालक हसत होता. "तुम्हीच शिकवलंत, आता भोगा."

मी दोघांना शिव्या घातल्या आणि लंगडत डॉक्टरकडे गेले. तिथे शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, "पुढच्या मेडिकलमधली ती पोर बघितलीस? तिला कामाला मी लावली."

बाईने काही विचारलं नव्हतं. तरी सांगितलं.