बिटाच्या रसाचा पुरावा

"डॉक्टर हे सांगनार न्हाय!" असं म्हणत चष्मा कपाळावर ढकलून मोबाइल तुमच्या नाकापुढे नाचवणारे एक काका तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या गल्लीतले साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी वैद्य झाले. पदवी मोबाइलनं दिली.

मी एकदा शिंकलो, तर घरी पोचेपर्यंत दोन व्हिडिओ हजर. एकात कांदा अमृत, दुसऱ्यात कांदा विष. मी विचारलं, "काका, नेमकं करू काय?"

"मास्तर, दोनी बाजू बघाय पायजेत की!"

गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांचाच. दर रविवारी ते काकूंच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधत, बीपीच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकत आणि खाली लिहीत, 'गोळी बंद. फक्त बिटाचा रस.' आकडा खरोखरच उत्तम असे. खाली अंगठ्यांची रांग लागे. आम्ही आपले हसून सोडून द्यायचो.

शेजारचे रिक्षावाले सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी तो फोटो खरा मानला आणि बीपीच्या गोळ्या सोडल्या. एका सकाळी रिक्षा पुसता पुसता ते खाली कोसळले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, जिभेवर शब्द येईना.

दवाखान्यात आम्ही सगळे जमलो. काका तिथंही सलीमभाईंच्या बायकोला मोबाइल दाखवत होते. "भाभी, बोटाला सुई टोचली की रगात उतरतंय, हे बघा..."

काकूंनी मोबाइल हिसकावून घेतला.

"बास करा! माझं बीपी बिटानं न्हाय उतरलं. लेक जयसिंगपुरास्नं गोळ्या धाडती, त्या रोज खाती मी. तुमचा रस मोरीत वतती."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर त्याबी बंद केल्या आसत्या तुमी. माझ्यापुरतं झाकंल वाटलं. ह्यो मानूस त्यावर इस्वास ठेवंल, हे कुठं ठावं हुतं मला?" आणि भाभींचा हात धरून काकू रडायला लागल्या.

काका बाकावर बसले.

सलीमभाई वाचले. त्याच संध्याकाळी काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'बिटानं बीपी उतरलं नव्हतं. बायको गोळ्या घेत होती. मी फसलो, तुम्हालाही फसवलं. ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी आधी डॉक्टरकडं जावं.'

त्यांनी पाठवलेला तो एकमेव खरा निरोप. त्याला एकही अंगठा आला नाही. एकानं लिहिलं, 'काकास्नी डॉक्टरांनी फोडलं.' दुसऱ्यानं विचारलं, 'ह्याचा व्हिडिओ हाय का?'

काका ग्रुपमधून बाहेर पडले. त्याच आठवड्यात तिथं डाळिंबाच्या सालीचा काढा आला, आणि अंगठेही आले.

आता रोज संध्याकाळी काका सलीमभाईंच्या दारात दिसतात. त्यांच्या उजव्या मुठीत रबरी चेंडू ठेवतात, "दाबा, भाई," म्हणतात. सलीमभाईंना एकेक शब्द जुळवायला फार वेळ लागतो. बघणाऱ्याला राहवत नाही, तो शब्द आपणच पुरा करावासा वाटतो. काका करत नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसतात.