रॉकेलवरचं थंड कपाट

खांडबारा स्टेशनवरून ते कपाट आमच्या दवाखान्यात आलं ते बैलगाडीत आडवं निजवून. उभं बांधलं असतं तर पहिल्याच ओढ्यात कलंडलं असतं, असं गाडीवान म्हणाला, आणि ते खरंही होतं. पांढरंशुभ्र, माझ्या खांद्याएवढं उंच, रॉकेलवर चालणारं फ्रीज होतं ते. आमच्या गावात वीज नव्हती. खाली दिवा पेटवायचा आणि वर गारवा तयार व्हायचा, ही गोष्ट मला काही केल्या पटेना. डॉक्टरसाहेबांनी दोनदा समजावून सांगितली. मी मान हलवली, एवढंच.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी त्या दवाखान्यात नर्स होते. माहेर शहाद्याकडचं, तापीकाठचं, घरात अहिराणी. इथे डोंगराच्या बाजूला बदली झाल्यावर लोकांची बोली मला अर्धीच कळायची. डॉक्टरसाहेब कोल्हापूरकडचे, त्यांना तेवढीही कळत नव्हती. तीन खोल्यांचा कौलारू दवाखाना, आम्ही दोघं आणि एक म्हातारा शिपाई.

फ्रीजसाठी डॉक्टरसाहेब आल्यापासून मागे लागले होते, त्याला कारण होतं. त्या भागात बाळंतपण घरीच व्हायचं. नाळ विळ्यानं नाहीतर बांबूच्या कामटीनं कापायची आणि वर राख दाबायची. बाळ चार-सहा दिवस छान दूध प्यायचं, मग एका सकाळी त्याचा जबडाच उघडायचा नाही. अंग धनुकलीसारखं ताठ व्हायचं. धनुर्वातावरचं सीरम होतं. जन्मल्याबरोबर टोचलं तर काही बाळं वाचण्याची आशा होती. पण ते थंड ठेवावं लागायचं. जिल्ह्याच्या भांडाराचं म्हणणं सरळ होतं : आधी फ्रीज चालू करा, आत थर्मामीटर ठेवा, गारवा टिकला की सीरम देऊ.

शेजारच्या पाड्यावरची एक बाई त्या हिवाळ्यात माझ्याकडे तपासायला यायची. तिची दोन मुलं अशीच गेली होती, दोन्ही आठवडाभराची होऊन. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. कपाट आलं त्या दिवशी ती ओट्यावरच बसलेली होती.

"बाई, याच्यात काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"तुझ्या बाळाचं औषध."

ती उठली, फ्रीजच्या दाराला हात लावून आली आणि पुन्हा जागेवर बसली. 

डॉक्टरसाहेबांनी त्याच संध्याकाळी दिवा पेटवला. सकाळी आम्ही दार उघडलं. आतली हवा बाहेरच्यासारखीच. दुसऱ्या सकाळीही तसंच. दिवा नीट जळत होता, दार घट्ट बसत होतं, फ्रीज मात्र कोरडं आणि कोमट.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," डॉक्टरसाहेब म्हणाले. "दोन बदलल्या तर चूक कुठे होती ते कळणार नाही."

बोलणं बरोबर होतं, पण त्या यंत्राला सुधारलं की नाही हे सांगायलाच एक दिवस लागायचा. आधी जमीन पाहिली. फ्रीज जरा जरी कललं तरी आतला वायू नळ्यांतून फिरत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. दिवसभर थांबलो. काही नाही. मग वात. पिवळी ज्योत चालत नाही, निळी हवी, म्हणून मी वात कात्रीनं सारखी कापली. ज्योत निळी झाली. थांबलो. काही नाही. मग रॉकेलमध्ये पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळलं. मग मागच्या धुराड्यात काजळी असेल म्हणून ते उतरवून घासलं. शिपाई म्हणाला, खोली दमट आहे. म्हणून खोली बदलली आणि पुन्हा पाणसळ लावली. दर सकाळी मी दार उघडून थर्मामीटर पाहायची आणि डॉक्टरसाहेब माझ्या तोंडाकडे पाहायचे. पुढे पुढे त्यांनी पाहणंही सोडलं.

माघ गेला. ती बाई आली की आधी फ्रीजकडे जायची, हात लावायची. "गरम आहे," म्हणायची, जसं आम्हाला ठाऊकच नव्हतं.

शेवटी डॉक्टरसाहेबांनी सुरतेहून फिटर बोलावला. तो सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला उतरून चालत आला. जाड, घामाघूम, पानाचा शौकीन माणूस. त्यानं दिवा पाहिला, नळ्यांना कान लावला आणि विचारलं, "साहेब, लाया कैसे? सुवाडीने?"

"म्हणजे?"

"सुलाके लाये क्या?"

मी म्हटलं, "हो, बैलगाडीत आडवं."

त्यानं कपाळाला हात लावला. नळ्यांतलं पाणी आणि वायू भलत्या ठिकाणी जाऊन अडकले होते. चौघांनी धरून त्यानं ते फ्रीज चक्क डोक्यावर उभं केलं. दुपारपर्यंत तसंच ठेवलं, मग सरळ केलं, पुन्हा डोक्यावर, पुन्हा सरळ. आतून पोटात गुडगुडल्यासारखा आवाज आला. "चालेल. नाही चाललं तर नळीच गंजली समजा. त्याला इलाज नाही," असं हिंदी-गुजराती मिसळून सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

दुसऱ्या सकाळी वरच्या कप्प्यात वाटीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी हाक मारली. डॉक्टरसाहेब दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत आले, त्यांनी तो पापुद्रा बोटानं फोडला आणि मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या बाईला निरोप पाठवला. ती आली, तिनं दाराच्या आत हात घातला आणि घाबरून बाहेर काढला. मग पुन्हा घातला आणि बराच वेळ आत ठेवला. तेव्हा तीही हसली.

फाल्गुनात डॉक्टरसाहेब विसरवाडीहून एसटीनं धुळ्याला गेले आणि थर्मासमध्ये बर्फ घालून सीरमच्या कुप्या घेऊन आले. आम्ही त्या मधल्या कप्प्यात मांडल्या.

चैत्रापर्यंत ठीक चाललं. मग आमच्याकडचा उन्हाळा सुरू झाला. दुपारी कौलं अशी तापायची की खोलीत उभं राहवत नसे. थर्मामीटरचा पारा रोज थोडा वर दिसू लागला. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा पाणसळ लावली, मी वात कापली, धुराडं घासलं. फ्रीजमध्ये बिघाड नव्हता. बाहेरच्या उष्म्यापुढे त्याची ताकद पुरत नव्हती. आम्ही खिडक्यांना गोणपाटं टांगली, शिपाई त्यांच्यावर पाणी मारत राहिला. विहीर आटत चालली होती आणि गावच्या बाया घागरी घेऊन रांगेत असताना आम्ही गोणपाटं भिजवत होतो. त्या बघत होत्या. वैशाखात एका दुपारी मी दार उघडलं तर आतला वारा तोंडाला कोमट लागला.

"कुप्या खराब झाल्या असतील का?" मी विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी एक कुपी उजेडात धरली. "बघून कळत नाही. खराब झालेलं आणि चांगलं सारखंच दिसतं."

त्यांनी भांडाराला नवीन साठ्यासाठी लिहिलं. उत्तर आलं की आधी फ्रीज दुरुस्त झाल्याचं कळवा.

त्याच आठवड्यात ती पाड्यावरची बाई बाळंत झाली. दिवस अजून भरायचे होते, कळा अचानक आल्या. तिचा नवरा मला बोलवायला आला, मी उन्हातून जवळजवळ पळत गेले, पण पाड्यावर पोचले तेव्हा नाळ कापून झाली होती. मुलगा होता. सासूच्या हातात विळा होता, तिनं तो लपवलाही नाही. मी बाळाला आणि तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांनी जखम धुतली, त्याच कुप्यांमधली एक फोडली, बाळाला टोचली आणि लगेच थर्मास उचलून नंदुरबारला निघाले. तिथे सीरम शिल्लक नव्हतं. ते तसेच पुढे धुळ्याला गेले.

तिनं मला विचारलं, "बाई, टोचलं ना? मग आता झालं ना?"

मी म्हटलं, "साहेब दुसरं आणायला गेलेत."

"का? हे नाही चालत?"

मी तिच्या उशाशी पाणी भरून ठेवलं. ती खाटेवर बाळाला पाजत होती आणि बाळ चांगलं ओढत होतं.

डॉक्टरसाहेब तिसऱ्या दिवशी ताजी कुपी घेऊन परतले, तीही टोचली. पण सहाव्या सकाळी तिनं मला हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. बाळ स्तन तोंडात घेत नव्हतं. मी बोटानं त्याचे ओठ उघडायला गेले, तो जबडा माझ्या ओळखीचा होता. खोली अंधारी केली, आवाज होऊ दिला नाही, चमच्याच्या टोकानं दूध सोडून पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी बाळ गेलं. ती रडली नाही. नवऱ्यानं बाळ फडक्यात गुंडाळलं आणि ती त्याच्यामागून चालत पाड्याकडे निघाली, ओल्या बाळंतिणीच्या अंगानं.

पहिली कुपी मेलेली होती का, की जिवंत असूनही पुरली नसती? ताजं सीरम उशिरा पोचलं का? डॉक्टरसाहेब हे मला विचारायचे, मी त्यांना विचारायची. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची सोय इथे नव्हती.

पावसाळ्यात हवा गार झाली आणि फ्रीज पुन्हा चालू लागलं. भांडारानं साठा दिला. पण पाड्यांवरून कुणी बाळ घेऊन येईना. थंड कपाटातल्या औषधानं पोर गेलं, अशी वार्ता सगळीकडे पोचली होती. मी दारोदार गेले. बाया मला पाणी द्यायच्या, बसवायच्या आणि पोरं आत न्यायच्या. कुप्यांची मुदत संपली, त्या आम्ही दवाखान्यामागे खड्ड्यात पुरल्या. डॉक्टरसाहेबांनी बदली मागून घेतली. नवे डॉक्टर यायला वर्ष गेलं. तोवर मी रोज सकाळी वात कापत होते, निळी ज्योत बघत होते, पारा लिहून ठेवत होते. आत ठेवायला काहीच नव्हतं. एक दिवस रॉकेल संपलं. ते मागवायचं मी लांबणीवर टाकलं आणि मग मागवलंच नाही.