मोठ्या मापाच्या बांगड्या

"तुम्हारे इधर कैसा करते?"

कोणत्याही झोपडीत शिरताना सिस्टरबाईंचा पहिला प्रश्न हाच. चपला बाहेर काढायच्या, दारातल्या विटेवर टेकायचं आणि आपल्या वर्धेकडच्या हिंदीत विचारायचं. रक्तदाबाचं यंत्र नंतर. बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांना घरी जाऊन बघणं, त्यांचं दुखणं कमी करणं, हे त्यांचं काम. नाचणगावच्या पुढं वीटभट्ट्यांवर छत्तीसगडहून आलेली कुटुंबं राहतात. तिकडं त्या स्कूटीवरून जात आणि मागं मी, पत्रकांची पिशवी घेऊन. ‘वेदनामुक्ती हा प्रत्येकाचा हक्क आहे!’ मजकूर माझा. उद्गारचिन्हही माझंच.

"पोरी, हे मराठी इथं कोन वाचते वं?" सिस्टर म्हणत. "भाकर गुंडाळाले मात्र चांगलं हाय."

एका भट्टीवर एक बाई होती. छातीचा कॅन्सर पसरलेला. उजवा हात सुजून दुप्पट झालेला आणि काचेच्या बांगड्या मांसात रुतलेल्या. कातडी फाटली असती तर ती जखम पुन्हा भरली नसती. पण बाई बांगड्यांना कुणालाच हात लावू देईना. नवरा शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मोर जियत ले एकर हाथ खाली नइ होवय." मी जिवंत असेपर्यंत हिचा हात रिकामा व्हायचा नाही.

मी पेटलेच. "ही अंधश्रद्धा आहे! या बांगड्या नाहीत, बेड्या—"

"भाषण बाहेर देजो," सिस्टर म्हणाल्या. "तिथं विटांचे गाढवं हायेत, ते ऐकतीन."

मग आम्ही पुलगावच्या बाजारात. सर्वांत मोठं माप मागितल्यावर कासार म्हणाला, "हात बाईचा हाय का पहिलवानाचा?"

हिरव्या बांगड्या पाहून बाईनं मान फिरवली. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "साऱ्यायले इचारते अन् आज मीच इचाराचं विसरली! कौनसा रंग, बाई?"

"लाल."

पुन्हा पुलगाव.

मग नवऱ्यानं हात धरला. साबण लावून एक लाल चढवायची, मग एका जुन्या बांगडीखाली कापड सारून ती पकडीनं वाढवायची. एक चढली की एक उतरली. हात क्षणभरही रिकामा झाला नाही. बाईनं सिस्टरांची मोकळी मनगटं पाहिली आणि थेट त्यांच्याच सुरात विचारलं, "तुम्हारे इधर कैसा करते, दीदी?"

"हमारे इधर काम करते!"

नवरासुद्धा हसला.

महिनाभरानं ती गेली. त्या हाताला शेवटपर्यंत जखम झाली नाही, आणि दोन्ही हात भरलेले होते. बांगड्यांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण हात तिचा होता.

सिस्टरांचं कंत्राट संपलं, त्या गडचिरोलीकडं गेल्या. लाल बांगड्या भरल्या त्या दिवसापासून, नाकारलेल्यांतली एक हिरवी बांगडी त्यांच्या बॅगेच्या पट्ट्याला बांधलेली असे. बसमध्ये चढताना ती सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. "इचाराचं विसरू नको."

आता ती माझ्या पत्रकांच्या पिशवीला आहे. भट्टीवर उतरले की पाण्याच्या बाटलीवर खणखणते. मी पत्रकं आतच ठेवते आणि चपला काढते.