बाज आणणारा माणूस

बावन्न-त्रेपन्न साली नाचणगावात विहिरीत माणूस पडो की म्हैस, आधी हाक त्याला जायची. कापसाच्या जिनात फिटर होता तो. आम्हा आठ-दहा जणांची फुकटची फौज तोच चालवायचा, पण आवाज कधी चढवला नाही. मोटेच्या जाड नाड्यावर चौघे, खाली उतरणारा एक, एवढं बोटानंच दाखवायचा. मग गर्दीत सगळ्यात जास्त सल्ले देणारा हेरून त्याला प्रेमानं म्हणायचा, "भाऊ, पलीकडच्या आळीतून एक बाज घेऊन येजो. तुयाशिवाय कोनाले जमत नाई."

बाज कधीच लागत नसे. ती येईपर्यंत काम उरकलेलं असे. शाळेचा मास्तर असून मीही ती दोनदा आणली होती.

एका दुपारी त्याचाच बैल विहिरीत पडला. काठावर आडवा होऊन तो ओरडत होता, "ओढा. नाई, सोडा. थांबा." नाड्यावरचे गोंधळले आणि बैलाचं तोंड पाण्याखाली गेलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो धोतर झटकून उठला.

"मास्तर, तुमी पाहा इकडं," तो म्हणाला. "मी बाज आनतो."

बाज डोक्यावर घेऊन तो परतला, तेव्हा बैल काठावर उभा होता.